ठशाची जागा

टेबलावर चौदा नान होते. नऊ फाटलेले, पाच अख्खे. फाटलेल्या नऊंतून निघालेली नऊ पाकिटं स्टेशनवरच्या शिपायांनी आधीच एका डब्यात घालून डब्याला सील लावलं होतं. अख्ख्या पाचांपैकी चार जड होते, सरासरी तीनशे बारा ग्रॅम, आणि एक दोनशे सत्तर. व्यास चोवीस सेंटिमीटर. कलौंजी सगळ्यांवर, नान फुगू नये म्हणून भाजण्याआधी मारतात तो सुयांचा ठसाही सगळ्यांवर. अख्ख्यांत फक्त जड चारांवर तो मधोमध नव्हता, थोडा एका अंगाला सरकलेला होता. हलक्यावर बरोबर मध्यावर होता. मुनिसाने हे वहीत उतरवलं, आणि मग कोणी सांगितलेलं नसताना ठशातली छिद्रं मोजायला घेतली. बाहेरच्या कड्यात अठरा, मधल्यात दहा, आतल्यात चार. एकूण बत्तीस. तिने पेन्सिलीच्या टोकाने एकेका छिद्राशी थांबत पुन्हा मोजलं. दुसऱ्या नानवर मोजलं, तिसऱ्यावर मोजलं. आतल्या कड्यात पाचवं छिद्र असायला हवं होतं ती जागा सपाट होती, लालसर, चकचकीत. ती पाचवी सुई तिनेच मोडली होती, वयाच्या अकराव्या वर्षी, अम्माच्या अंगणात, ठसा हातातून दगडावर पडला तेव्हा. ती रडकुंडीला आली होती आणि अम्माने ठसा उचलून, फुंकर मारून, उन्हात धरून बघितला होता. "राहू दे गं," ती म्हणाली होती, "आता माझा नान कुठूनही ओळखू येईल."

अम्मा म्हणजे वडिलांची बहीण, सवरी अम्मा. यादवी युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात मुनिसाचे आईवडील कुल्याबच्या रस्त्यावर गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून अम्माच तिचं घर होती. आता युद्ध संपूनही सात वर्षं झाली होती, मुनिसा रसायनशास्त्र शिकून या प्रयोगशाळेत लागली होती आणि संस्थेच्या वसतिगृहात राहत होती. दुशान्बेतल्या या खोलीत दोन वर्षांत तिने आठशेच्या वर नमुने तोलले होते. अक्रोडातून आलेले, जर्दाळूतून आलेले, लहान मुलाच्या बुटाच्या तळव्यातून आलेले. नमुना हा शब्द तिला आवडायचा, कारण त्याला माणूस लागत नाही. पांढरट, करडी, कधी विटकरी नशेची भुकटी. वजन, शुद्धता, सही. ती सरहद्दीवरच्या नदीपलीकडून येते आणि उत्तरेकडे जाते, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. वाटेत थोडी सांडते, हे कुठल्या तक्त्यात नव्हतं. अम्माच्या गल्लीत अकरा घरं होती. त्यांतल्या चार घरांतली पुरुषमाणसं दिवसा झोपायची आणि त्या चारही घरांतून एकेक वस्तू नाहीशी होत गेली होती: आधी गालिचा, मग चहाचा समोवार, मग दारांच्या कड्या. मुनिसाने हे मोजलं होतं आणि कुठे लिहिलं नव्हतं.

आता तिला चार जड नान कापायचे होते, म्हणजे पालथे घालायला हवे होते. नान पालथा घालायचा नसतो, आणि त्याला सुरी लावायची नसते, हाताने मोडायचा असतो. हे तिला वाचायच्या आधी शिकवलेलं होतं. गेल्या दोन वर्षांत तिने कशाकशाला सुरी लावली होती, पण नान पहिल्यांदाच आला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख अंतोनिना ग्लेबोव्हना दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. साठी उलटलेल्या, सगळे रशियन शेजारी निघून गेल्यावरही मांजरापायी इथेच राहिले असं सांगणाऱ्या. "काय झालं पोरी? नानला नमस्कार करतेयस?" त्या म्हणाल्या. मग आवाज बदलून: "मी कापू का?" मुनिसा नाही म्हणाली. तेवढ्यात कप्तान मिर्झोएव आले, टोपी काखेत, कपाळावर घाम. "चौदा नान मांडलेत आणि चहा नाही, हा कुठला पाहुणचार?" ते खुर्ची ओढून बसले. पिशवी मॉस्कोच्या गाडीत एका बाईकडे सापडली होती. "म्हणते, चार मुलं आहेत, थोरल्याला घरचा नान न्यायचा होता. चौदा! मुलगा आहे की राक्षस? कोणी दिले विचारलं तर रडते. स्टेशनवर एकाने हातात पिशवी दिली, चेहरा आठवत नाही." त्यांनी एक फाटलेला नान उचलला आणि विसरून तोंडाकडे नेता नेता थांबले. "मला एकच सांगा. पाकीट आत कधी गेलं? भाजण्याआधी की नंतर? नंतर खालून चीर देऊन कोंबलं असेल तर मग बाई आणि पिशवी, केस बंद. आधी घातलं असेल तर भाजणाऱ्याला माहीत होतं. मग या ठशाचा फोटो काढून शहरातल्या एकेका तंदूरवर फिरवतो. शहरात तंदूर किती असतील?"

"माहीत नाही," मुनिसा म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही असंही काही असतं?" कप्तान हसले. "गुरुवारपर्यंत सांगा."

प्रश्न साधा होता आणि उत्तर शोधण्याची रीतही साधी होती. नानचा आतला भाग तंदूरमध्येही शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे पाकिटाचा प्लास्टिकचा कागद वितळत नाही. कणकेतच पाकीट असेल तर त्याच्याभोवती एक पातळ गुळगुळीत साल धरते. नंतर कोंबलं असेल तर तिथे नुसता फाटलेला मऊ भाग असतो. फरक डोळ्यांना दिसला असता, पण नुसत्या डोळ्यांवर निष्कर्ष काढायचा नाही असा नियम होता. तुलनेचा नमुना हवा. एक नान पाकीट आधी घालून भाजलेला, एक भाजल्यावर घातलेला, शक्यतो त्याच पिठाचा, तशाच तंदूरमधला. प्रयोगशाळेच्या मागच्या रस्त्यालाच एक तंदूर होता. मुनिसाने दुधाच्या भुकटीची दोन पाकिटं केली, प्रत्येकी बेचाळीस ग्रॅम, आणि त्या तंदूरवरून पुढे चालत गेली. पीठ तेच हवं, ती स्वतःला सांगत होती; आच तीच हवी. हे खरं होतं. पण चिनाराच्या सावलीतून बसथांब्याकडे जाताना तिला हेही कळत होतं की तिला पिठाशी काही देणंघेणं नाही. तिला अम्माचे हात बघायचे होते. अम्मा पाकीट हातात घेईल, उलटसुलट करून बघेल, म्हणेल, अगं हे घालायचं तरी कसं, कणीक फाटेल ना. ती चाचपडेल. तेवढं चाचपडणं दिसलं की पुरे. ते कुठल्या तक्त्यात बसणार नाही, पण मुनिसाला त्यावर गुरुवारपर्यंत आणि गुरुवारनंतरही जगता येईल. बसमध्ये शेजारची बाई मांडीवर नानची चळत फडक्यात गुंडाळून बसली होती, आणि त्या उबदार वासाने मुनिसाला युद्धातला दुसरा हिवाळा आठवला. तेव्हा दिवसाला एक नान असायचा आणि घरात माणसं सहा. अम्मा तो हाताने मोडायची आणि सुकी तुती तोलायच्या छोट्या तराजूत एकेक तुकडा ठेवायची. कमी असेल त्यात चिमूटभर चुरा टाकायची, जास्त असेल त्यातला काढायची. तराजू धरायचं काम मुनिसाचं. पारडी थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी उचलले की उरलेला तुकडा अम्माचा, आणि त्यात चुरा टाकलेला मुनिसाने कधी बघितला नव्हता. सियावुश, अम्माचा एकुलता एक मुलगा, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, तिला तेव्हापासून तराजू म्हणायचा. विद्यापीठात तिला कोणीतरी विचारलं होतं, मोजण्याची ही ओढ कुठून आली. ती पुस्तकांतून म्हणाली होती.

अंगणात तुतीखाली तंदूर पेटलेला होता. चार वाजले असतील. अम्मा डोक्याला पांढरा रुमाल बांधून, बाह्या कोपरापर्यंत सारून कणकेचे गोळे मांडत होती. तिने मुनिसाला कपाळावर हुंगलं आणि पिठाचा हात तिच्या पाठीला लागू नये म्हणून लांब धरला. "वाळलीस. तिथे काय, आकडे खायला घालतात?" आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आहे?" अम्मा म्हणाली, "मुनिसा." मग: "तराजू आली का? सांग तिला, माझं वजन आणखी कमी झालं." तो हसल्याचा आवाज आणि त्यामागून खोकला. सियावुश भिंतीशी गादीवर पडला असणार, गुडघे छातीशी घेऊन. मुनिसा आत गेली नाही. दारातून तिला समोरची भिंत दिसत होती आणि भिंतीवर खिळ्याला फडक्यात टांगलेला अर्धा उघडा नान. नऊ वर्षांपूर्वी सियावुश मॉस्कोला इमारतींच्या कामावर निघाला तेव्हा अम्माने तो नान त्याच्या तोंडापुढे धरला होता आणि त्याने रिवाजाप्रमाणे एक घास तोडला होता. घास तोडलेला नान परत येणाऱ्याची वाट बघतो. तो आला की उरलेला त्याने खायचा, घरच्यांनी वाटून घ्यायचा. सियावुश तीन वर्षांपूर्वी परत आला होता. त्याच्या दंडांवरचे डाग बघून अम्माने त्याला आंघोळ घातली, जेवू घातलं, आणि नानला हात लावला नाही. शेजारणीने एकदा विचारलं, अजून टांगलाय कशाला, आला ना मुलगा. अम्मा म्हणाली, "कुठे आला?"

"अम्मा, कामाचं काहीतरी करून हवंय," मुनिसा म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला. तिने दोन पाकिटं पाटावर ठेवली. "दुधाची भुकटी आहे. एक नानमध्ये घालून भाजायचं. दुसरा तसाच भाजायचा, त्याच्यात मी नंतर घालीन." अम्माने पाकिटांकडे बघितलं. मग मुनिसाकडे. उलटसुलट करून बघितलं नाही, कसं म्हणून विचारलं नाही. तिने एक गोळा घेतला, बोटांच्या पेरांनी थापत पसरला, मधे पातळ, कडेला जाड. पाकीट मध्यावर ठेवलं नाही. कडेच्या जाड भागाखाली कणीक उचलून पाकीट आडवं सरकवलं, तळहाताच्या कडेने दाबत आतली हवा काढली, ओल्या बोटाने सांधा मिटवला. सांधा दिसेनासा झाला. मुनिसा बघत होती आणि तिच्या आत कोणीतरी शांतपणे वेळ मोजत होतं: अकरा सेकंद, बारा. अम्माने ठसा उचलला. चाळीस वर्षांच्या सवयीने हात मध्यावर आला. तिथे थांबला. मग अम्माने डाव्या हाताची दोन बोटं मध्यापासून पाकिटाच्या विरुद्ध बाजूला जोडून ठेवली, जसं कापड बेतताना ठेवतात, आणि बोटांपलीकडे ठसा दाबला.

कलौंजी टाकली, नानच्या पाठीला पाणी लावलं, हातात धरायच्या गोल गादीवर घेऊन तो तंदूरच्या भिंतीला थापटला. दुसरा नान केला. त्याचा ठसा मधोमध. मग दोघी आचेकडे बघत बसल्या. तुतीची पानं कोरडी सळसळत होती. मुनिसाला वाटलं की अजून वेळ आहे, अजून काहीही ठरलेलं नाही, नान भाजला जातोय तेवढी मिनिटं कुठल्याच बाजूची नाहीत. आणि त्याच वेळी तिला ते चार नान डोळ्यांसमोर दिसत होते, सरकलेल्या ठशाचे, आणि ते का सरकलेत हे आता तिला इतकं सोपं वाटत होतं की टेबलाशी उभं राहून आपण ते वहीत उतरवलं आणि त्याचा विचार केला नाही, याचीच तिला लाज वाटली. विचार करायचा नव्हता म्हणून केला नव्हता. नमुना या शब्दाला माणूस लागत नाही. अम्माने लोखंडी आकडीने नान काढले आणि पाटावर उताणे ठेवले, शेजारी शेजारी. आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं. ती एका ठशाकडे बघत राहिली, मग दुसऱ्याकडे. मग रुमालाच्या टोकाने कपाळ पुसलं.

"कधीपासून?" मुनिसाने विचारलं.

"तुती पिकली होती तेव्हापासून."

"तो माणूस कोण आहे?"

"नाव मी विचारलं नाही. कणीक मळून ठेवायची, तो पाकिटं आणतो. जाताना याच्यासाठी थोडं ठेवून जातो. कागदात. नखाएवढं." अम्माने अंगठ्याचं नख दाखवलं, त्यात पीठ भरलं होतं. "मग हा झोपतो."

"अम्मा, ठसा मारायचाच नव्हता ना. ठशावरून तर..."

"ठसा न मारता?" अम्माला खरोखरच आश्चर्य वाटलं. "टोपीसारखा फुगून बसला असता. आणि बिनठशाचा नान मी कधी कुणाला दिलाय?" "पहिल्या दिवशी एक मधोमधच मारला. सुया पाकिटात गेल्या. तो नान फेकावा लागला. मी नान फेकला, मुनिसाजान. कुत्र्यालासुद्धा घालता आला नाही. मातीत पुरला, मागे." तिचे डोळे पहिल्यांदा भरून आले, आणि ते त्या नानसाठी होते हे मुनिसाला स्पष्ट कळलं. बाकीच्याबद्दल अम्माचं रडून झालं असणार, किंवा ते कुठून सुरू करायचं हे तिला माहीत नसणार. मुनिसाच्या मनात आलं, गाडीतल्या त्या बाईला चार मुलं आहेत, हे सांगावं. त्या नऊ आणि चार पाकिटांत किती नखं मावतात हेही सांगता आलं असतं, भागाकार सोपा होता. उत्तरेकडे कुठल्यातरी गादीवर गुडघे छातीशी घेऊन पडलेली तेवढी माणसं, आणि तेवढ्या आया. अम्माने अक्षरं शिकवली नव्हती, पण भागाकार तिनेच शिकवला होता.

"ते मला विचारणार आहेत," मुनिसा म्हणाली. "आधी की नंतर. नंतर म्हटलं तर इथे कोणी येणार नाही."

"आणि आधी म्हटलं तर?"

"ठसा घेऊन फिरतील. किंवा फिरावंही लागणार नाही."

आतून सियावुशने पाणी मागितलं. अम्मा उठली नाही. मुनिसानेच पियाला भरून नेला. तो जागा होता, डोळे छताकडे. त्याचे ओठ फुटले होते, गालांवर कित्येक दिवसांची दाढी. पियाला धरताना त्याच्या बोटांचा स्पर्श झाला तो कोरड्या पानासारखा. "बोलणं ऐकू येतं इथे," तो म्हणाला. मग अगदी हळू, जुन्या खोडकर सुरात: "पारडं थांबेपर्यंत बोलायचं नाही ना गं, तराजू?" तिला रागही आला आणि हसूही. ती त्याच्यावर रागवू शकेल असं त्याच्यात फार काही उरलं नव्हतं. भिंतीवरच्या नानला घास तोडल्याची गोलाई अजून होती, नऊ वर्षांची, दगडासारखी. चोवीस वर्षांच्या माणसाचे दात त्यात दिसत होते.

ती बाहेर आली तेव्हा अम्माने दोन्ही नान निवायला ठेवून वर फडकं घातलं होतं. "घेऊन जा," ती म्हणाली. "निवल्यावर मोज. गरम असताना आकार खरा नसतो." तिने ते इतक्या रोजच्या आवाजात सांगितलं की मुनिसाला वाटलं तिला काही कळलंच नाहीये. मग अम्मा म्हणाली, "मोजशील ते लिही. चुरा टाकून वजन जुळवायचं शिकवलं तुला मी, पण तो नानचा चुरा होता. दुसरं काही टाकून जुळवायचं नसतं." आणि लगेच, घाईने, जणू हे आधी म्हणायचं राहून गेलं: "फक्त मला हे सांग, मला नेलं तर याचं काय?"

"मी येऊन राहीन."

"हा ओरडेल."

"ओरडू दे."

"तुला माहीत नाही. ते बंद केलं की पहिले दोन दिवस शिव्या देतो. तिसऱ्या दिवशी तू माझी आई ना, म्हणत रडतो." अम्मा हाताला चिकटलेली कणीक सोलून काढत होती, एकेक बोट. "तिसऱ्या दिवसापलीकडे मी कधी गेले नाही. चौथ्या दिवशी काय होतं मला माहीत नाही."

मुनिसालाही माहीत नव्हतं. तिने आठशे नमुन्यांची शुद्धता काढली होती आणि चौथ्या दिवशी काय होतं हे तिला माहीत नव्हतं. पुस्तकात एक परिच्छेद होता, त्यात ताप, घाम, सांधे हे शब्द होते. ती नान काखेत धरून बसथांब्याशी उभी राहिली, फडक्यातून ऊब बरगड्यांना लागत होती, आणि दोन बस गेल्या तरी ती चढली नाही. अम्माची दोन बोटं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. एवढी काळजीपूर्वक, एवढी नेमकी ठेवलेली. सुया पाकिटात जाऊ नयेत म्हणून, नान वाया जाऊ नये म्हणून, तेरांपैकी प्रत्येकावर तेवढ्याच अंतरावर. फसवणूक करतानाही तिने माप चुकवलं नव्हतं. मुनिसाला वाटलं, हे कोणाला सांगितलं तर समजणार नाही, कप्तानांना तर नाहीच. पण आपण चुरा टाकून जुळवलं तर आपल्यातलं नेमकं हेच, या बोटांकडून आलेलं, उद्यापासून आपल्या हातात राहणार नाही. आणि ते राखायला अम्मालाच द्यावं लागणार. तिने मनात हे दोन्ही एकेका पारड्यात ठेवून बघितलं. पारडी हलत राहिली. तिसरी बस आली.

बुधवारी तिने चार जड नान पालथे घातले आणि कापले. चारही पाकिटांभोवती गुळगुळीत साल होती. आधी घातलेल्या तुलनेच्या नानमध्ये तशीच होती, नंतर घातलेल्यात नव्हती. अंतोनिना ग्लेबोव्हनांनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. "एवढ्याने भागेल," त्या म्हणाल्या. "आता तक्ता भर आणि घरी जा, तुझा चेहरा बघवत नाही." जाता जाता तुलनेच्या नानच्या ठशावर त्यांची नजर पडली. त्यांनी छिद्रं मोजली की नाही ते मुनिसाला कळलं नाही. त्या थोडा वेळ तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि दार लोटून गेल्या. मुनिसाने वसतिगृहाची खोली सोडत असल्याचा अर्ज लिहून पिशवीत ठेवला. मग मापाची पट्टी पुसली, चार जड आणि एक तुलनेचा अशा पाचही नानची केंद्रं दोऱ्याने काढली, टाचणीने खुणा केल्या.

गुरुवारी सकाळी तक्त्यात एकच रकाना कोरा होता: तुलनेचा नमुना कोठे व कोणी भाजला. मुनिसाने तिथे सवरिनिसो करोमतोवा असं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली गल्ली आणि घराचा आकडा, आणि शाई वाळेपर्यंत थांबली. त्याच्या खालची ओळ तिने आदल्या दिवशीच भरली होती. ठशाच्या केंद्राचे नानच्या केंद्रापासून अंतर, मिलिमीटर. जप्त नमुने: चौतीस, तेहेतीस, पस्तीस, चौतीस. तुलनेचा नमुना: चौतीस.